डावी कुंडी

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. मी झोपेत काय बरळतो, कुठल्या मित्राला मनातून नावं ठेवतो, दाताच्या डॉक्टरला किती घाबरतो – सगळं. हे एवढं मात्र तिलाही माहीत नाही. सांगायला तोंड उघडलं आणि वीजबिलाबद्दल बोलून मोकळा झालो, असं कित्येकदा झालंय. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. बघू.

पण सुरुवात कुठून करू? कुंडीपासून? की अक्कापासून?

अक्कापासूनच करतो. अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव वैजापूरकडचं, तिला दिली खुलताबादला. मी शहरात शिकायला आलो तेव्हा वसतिगृहाचं जेवण मला पचेना, म्हणून ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा पाठवायची. घाट उतरून येईपर्यंत भाजीचं तेल फडक्याला लागलेलं असायचं. खोलीतली पोरं त्या डब्याची वाट माझ्यापेक्षा जास्त बघायची. पुढं मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो, लग्न झालं, सिडकोत घर झालं, डोक्याला टक्कल पडलं – तरी प्रत्येक फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "जेवतो ना रं नीट?"

आता मी कसा माणूस होतो तेही सांगायला हवं. पोरं मला 'लिटमस' म्हणायची. पाठीमागं, अर्थात. कँटीनच्या दुधात पाणी किती, हळदीत रंग आहे का, मधात गूळ आहे का – मी खिशात नळी घेऊनच फिरायचो म्हणा ना. त्या नावावर मी वरवर चिडायचो, पण आतून मला गुदगुल्या व्हायच्या. खरं-खोटं ओळखणारा माणूस. आणखी काय पाहिजे होतं मला?

तर एके वर्षी आमच्या कॉलेजनं ठरवलं की इथून पुढं जे विकत घ्यायचं ते जमिनीला, पाण्याला त्रास न देणारं घ्यायचं. फरशी धुवायच्या ॲसिडपासून ते कार्यालयातल्या कागदापर्यंत सगळं. त्यासाठी समिती झाली, आणि निमंत्रक कोण? लिटमस. दुसरं कोण असणार. सगळ्यात मोठा प्रश्न जेवणावळींचा होता. शिबिरं, परिषदा, संमेलनं बारमाही चालू, आणि आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते सांगायला ज्योतिषी लागतो. शेकड्यांनी स्टीलची ताटं धुवायला पाणी आणायचं कुठून? म्हणून वर्षानुवर्षं थर्माकोलच्या थाळ्या. मी बैठकीत म्हणालो, पत्रावळी घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि त्याच दिवशी मी अक्काला फोन केला.

हे लक्षात ठेवा – फोन मी केला. तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. बायका जमव, मशीन घे, कॉलेज तुमचा माल घेईल, असं मीच तिच्या मागं लागलो. ती नको म्हणत होती. "आम्हाला काय कळतंय त्यातलं," म्हणाली. मग रशीदाबी म्हणाली, करू, आणि अक्का तयार झाली.

रशीदाबी म्हणजे अक्काच्या मागच्या गल्लीतली. अक्का लग्न होऊन तिथं गेली तेव्हापासूनची मैत्रीण. अक्काच्या पहिल्या बाळंतपणात बाहेर धो-धो पाऊस, दाजी गावाला, सासू घाबरून गेलेली – तेव्हा गाडी बघून दवाखान्यात नेणारी ती. ईदला शीरखुर्मा इकडं यायचा, दिवाळीला करंज्या तिकडं जायच्या, आणि भांडणही दोघींचं महिन्यातून एकदा व्हायचंच. मशीन रशीदाबीच्या ओसरीवर बसवलं, कारण तिथं लाइट चांगली होती. कागद अक्का शहरातून आणायची. म्हैसमाळच्या बाजूनं पळसाची पानं यायची. वर पान, खाली जाड कागद, मध्ये मैद्याची खळ. मशीन दाबलं की कडेला चुण्या पडलेली गोल ताटली तयार. काय देखणी दिसायची. मी पहिली ताटली घरी आणून भिंतीवर लावली होती.

शहरातला एक व्यापारीही तशीच ताटली देत होता. दिसायला डिट्टो. पण अशा कितीतरी ताटल्यांत पान आणि कागदाच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालतात – कांद्याच्या सालीसारखा पातळ – म्हणजे रस्सा झिरपत नाही. तो म्हणाला, आमच्यात नाही. बायका म्हणाल्या, आमच्यात नाही. मग खरं कोण?

मी म्हणालो, मातीला विचारू.

किती टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला.

कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, दोन कुंड्या ठेवल्या. एकीत अक्काच्या ताटल्या पुरल्या, दुसरीत व्यापाऱ्याच्या. पान आणि कागद कुजून जातील, पापुद्रा असेल तर राहील. एवढी सोपी परीक्षा. आणि मी कुंड्यांवर नावं लिहिली नाहीत. मुद्दामच. त्या गटात माझी सख्खी बहीण आहे हे मी समितीत आधीच सांगून टाकलं होतं; आता नावं लिहिली तर कुणीतरी म्हणेल की सरांनी बहिणीच्या कुंडीला जास्त पाणी घातलं. डावी अक्काची, उजवी व्यापाऱ्याची. हे फक्त माझ्या डोक्यात. आयुष्यभर पोरांना ओरडत आलो – बाटलीवर आधी चिठ्ठी चिकटवा, मग पुढचं काम करा. आणि स्वतः? मला वाटलं, माझं डोकं चिठ्ठीपेक्षा पक्कं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्यावर कुंड्या उघडायच्या ठरल्या. प्राचार्य, समिती, तो व्यापारी, सगळे गच्चीवर. अक्का आणि रशीदाबी सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. रशीदाबीनं पिशवीभर जांभळं आणली होती. "मास्तर भाई, पहले जामुनां खाओ, काम होता रहेगा," असं म्हणत ती प्राचार्यांच्या हातावरही जांभळं ठेवत होती आणि प्राचार्य संकोचून खात होते.

मी आधी मोठ्यानं सांगितलं, डावी खुलताबादची. मग ती वर्तमानपत्रावर उलटी केली.

मातीतून गोल, पारदर्शक पापुद्रे निघाले. कडेच्या चुण्यांसकट. एकाखाली एक.

मला धक्का बसला, हे खरं सांगतो. उजव्या कुंडीत काय निघालं? माती आणि पानाच्या चार शिरा. पण – इथं मला थांबावंसं वाटतंय – त्या धक्क्याच्या मागून लगेच दुसरं काहीतरी आलं. गोड काहीतरी. आता सगळे बघतील, बहीण असून यानं सोडलं नाही. मी तो पापुद्रा झटकला, उजेडात धरला आणि वर्गात दाखवतो तसा फिरवून सगळ्यांना दाखवला. "बहीण माझी आहे, पण निकाल मातीचा आहे," असं म्हणालो. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अक्का म्हणाली, "नाय, ही आमची नाय." हळू म्हणाली, जवळच्यांनाच ऐकू गेलं. रशीदाबीची बोटं जांभळी झाली होती आणि ती एकसारखी पदराला पुसत होती.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाकडूनही होते, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका, थोडं थांबा.

पुढच्याच आठवड्यात अक्काचा फोन आला. गटातल्या बायकांनी उरलेला सगळा माल वावरात नेऊन पेटवला होता. लाज वाटत होती म्हणे घरात ठेवायला. आणि मग ती म्हणाली, "पर एक सांग. तू शिकलेला हाईस. जळताना प्लास्टिकचा वास नाय आला रं. नुसता पाल्याचा वास. असं कसं?"

प्लास्टिक जळलं की वास येतो. कितीही पातळ असलं तरी येतो. हे मला ठाऊक नव्हतं का? मी लिटमस. मी एका दमात उत्तर दिलं, "थर लई पातळ असतो अक्का, वास कळत नाही." फोन ठेवला आणि मी पेपर तपासायला बसलो. काहीतरी टोचलं होतं, पण काय टोचलं ते बघायला मी वाकलो नाही.

व्यापाऱ्याच्या ताटल्या सुरू झाल्या. शहरातल्या आणखी दोन-चार संस्थांनी आमचं बघून त्याच घेतल्या, मला फोन करून, विचारून. मी छाती फुगवून सांगायचो, डोळे झाकून घ्या.

पावसाळा संपला. दिवाळीआधी बाहेरून पाहुणे कॉलेज बघायला येणार होते आणि मला त्यांना आमचा खताचा खड्डा दाखवायचा होता. उष्ट्या ताटल्या त्याच खड्ड्यात जायच्या, आणि त्या फक्त व्यापाऱ्याच्या. आदल्या दिवशी म्हटलं, आपण आधी बघून घेऊ. कुदळीनं वरचा थर ओढला.

मला नीट सांगता यायचं नाही. खड्डाभर चमक होती. पान कुजलं होतं, कागद कुजला होता, आणि पापुद्रे – शेकडो, गोल, कडेच्या चुण्यांसकट, एकमेकांना चिकटून – जसेच्या तसे. मी हातानं उकरत गेलो. खाली तेच, अजून खाली तेच. एका पापुद्र्यावर रश्श्याचा तेलकट डागही तसाच होता. मी खड्ड्याच्या काठावर मटकन बसलो, पँट चिखलात, आणि बसूनच राहिलो. त्या मातीत मला अक्काचा आवाज ऐकू येत होता. ही आमची नाय.

नामदेव, आमचा माळी, पाइप गुंडाळत होता. मी त्याला विचारलं, गच्चीवरच्या त्या दोन कुंड्या उन्हाळ्यात कुणी हलवल्या होत्या का?

"व्हय सर. टाकी गळत होती, दुरुस्ती निघाली. तवा खाली नेल्या, काम झाल्यावर परत वर ठिवल्या."

"जशा होत्या तशा?"

"तशाच की," तो म्हणाला. "दोनच त व्हत्या."

त्याला काय माहीत? नाव कुठं होतं कुंडीवर?

त्या संध्याकाळी मी प्राचार्यांकडे जायला हवं होतं. दारापर्यंत गेलोही. आणि मग विचार केला – आता जर सांगितलं की बहिणीचीच ताटली खरी होती, तर लोक काय म्हणतील? बघा, शेवटी फिरलाच बहिणीसाठी. ज्या गोष्टीसाठी पाठीवर हात पडला होता, त्याच गोष्टीसाठी तोंडात शेण घालतील. आणि ज्यांना मी डोळे झाकून घ्या म्हणालो होतो त्यांना काय सांगू? मी दारातून परत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रॉली माती मागवली, खड्डा बुजवला, आणि पाहुण्यांच्या हस्ते त्यावर कडुनिंबाचं रोप लावलं. फोटो निघाले. मी हसतोय त्यात. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला स्वतःची भीती वाटली – हा माणूस कोण आहे?

ते झाड काही धरलं नाही. दर वर्षी नवीन लावतात.

रविवारी मी स्कूटर काढून खुलताबादला गेलो. सांगायलाच गेलो होतो, शपथेवर सांगतो – पण माझ्या शपथेची काय किंमत, जाऊ द्या. घाटात तोंडानं वाक्यं घोकत होतो. अक्का, कुंड्या बदलल्या होत्या. एवढंच तर म्हणायचं होतं. चार शब्द.

ती चुलीपुढं भाकरी थापत होती. गॅस आहे घरात, पण मी गेलो की तिला चूलच लागते. तोपर्यंत गट मोडला होता, मशीन भंगारात गेलं होतं, बायका एकमेकींकडं बघेनाशा झाल्या होत्या. कुणी म्हणे कागद आणणारीनं केलं, कुणी म्हणे मशीनवालीनं. अक्कानं भाकरी तव्यावर टाकली, हात तसाच पिठाचा, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "कागद मी आणत व्हते. म्या नाय केलं, हे मला ठावं हाय. मंग रशीदानंच केलं असंल का? मी नसताना तिच्या वसरीवरच मशीन चालायचं. तू सांग. तू शिकलेला."

बघा, दार सताड उघडं होतं. मला नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "माणसाचं काय सांगावं, अक्का."

हे ते. हेच मला सांगायचं होतं. कुंडी नाही, खड्डा नाही. हे वाक्य. मी रशीदाबीला दोष दिला नाही, नाव घेतलं नाही, ती कोण आणि आपण कोण हेही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, आजूबाजूची हवा बाकीचं बोलून टाकेल, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असूनच तेवढंच म्हणालो. अक्कानं मान हलवली. भाकरी उलटली. मग मला वाढलं, आणि मी जेवलो. पोटभर.

अक्का त्यानंतर मागच्या गल्लीत गेली नाही. शीरखुर्मा एकदा आला, तो तिनं दारातूनच परत पाठवला. मग यायचा थांबला. रशीदाबी मला एकदा शहरात भेटली, बसस्टँडवर. माझ्या हातातली पिशवी जड दिसली म्हणून आधी तीच धरायला पुढं झाली. मग म्हणाली, "मास्तर भाई, तुम बोलो ना अक्का कू. मैं नै करी वैसा. तुम बोले तो मानेगी वो." केवढा भरवसा होता तिचा माझ्यावर. मी म्हणालो, बोलतो. ती गाडीत चढली आणि खिडकीतून हात हलवत राहिली.

मी बोललो नाही.

मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन रशीदाबी गेली. अक्काचा फोन आला. "गेले नाय मी," एवढंच म्हणाली. नंतर फोन कानाला तसाच धरून बसली असावी, कारण श्वास ऐकू येत होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला जेवलास का म्हणून विचारलं नाही.

मी निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल मिळाली, 'पर्यावरणाचा प्रहरी' असं कोरलेली पितळी तबकडी मिळाली, आणि जेवण त्याच ताटल्यांवर झालं. अजूनही तिथं त्याच येतात. मी जेवताना नखानं पान थोडं खरवडून बघितलं. होता, पापुद्रा होता. आता सांगितलं तर काय होईल, असं तुम्ही विचाराल. मीही रोज विचारतो. आता तबकडी काढून घेतील, एवढंच होईल. मग कशाची भीती आहे मला?

आता शेवटचं. या वर्षीच्या ईदला मी अक्काकडं होतो. दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. रशीदाबीची सून. हातात स्टीलचा डबा, त्यावर विणलेला रुमाल. मला वाटलं, अक्का हाकलते की काय. अक्का बराच वेळ त्या रुमालाकडं बघत राहिली – तो रशीदाबीनं विणलेला असावा – आणि मग म्हणाली, "ये, बस." पाणी दिलं. लेकरांची चौकशी केली. जाताना तिच्या ओंजळीत साखर घातली.

मुलगी गेल्यावर अक्कानं डबा उघडला, दोन वाट्या घेतल्या. वाढताना म्हणाली, "सासूचं हिच्या माथी कशाला मारू? आन खरं सांगू का, आज म्या रशीदालाबी माफ केलं. चुकलं असंल तिचं. गेलेल्या माणसावर किती दिस राग धरायचा?" तिचे डोळे भरले होते, पण चेहरा हलका झाला होता. कितीतरी वर्षांनी मी तिचा असा चेहरा बघत होतो.

रशीदाबीला माफ केलं. रशीदाबीला. मी ऐकलं आणि माझ्या हातातला चमचा थांबला. बोल, आता बोल, असं आतून कुणीतरी ओरडत होतं.

"बरं केलंस, अक्का," मी म्हणालो.

ती म्हणाली, अजून घेतोस का थोडं. मी वाटी पुढं केली.